जमिनीपासून एकशे वीस मिलिमीटर

कंटेनरच्या ड्रायव्हरला सहीची घाई होती आणि गाडीचे मालक सही करायला तयार नव्हते. पॅड माझ्या हातात होतं, पेन त्यांच्या हातात. ते गाडीभोवती तिसरी फेरी मारत होते. कुठे ओरखडा नाही ना, हे बघायला पहिली फेरी होती. दुसरी आणि तिसरी कशासाठी होती, ते मला तेव्हा कळलं नाही.

"भाईसाब, मला अजून गोव्याला जायचंय," ड्रायव्हर म्हणाला.

"जा की. गाडी बघू दे मला," मालक म्हणाले.

हे पेणजवळ रामवाडीला, हायवेच्या कडेला, आमच्या ट्रान्सपोर्टच्या यार्डात चाललं होतं. यार्ड म्हणजे मोकळी जागा, एक पत्र्याची शेड आणि एक केबिन. मी तिथे दुपारी दोन ते सात काम करते. सकाळी कॉलेज असतं, टी. वाय. बी. कॉम. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा भातशेती करतात. ऑफिसात कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. ते मी इथेच, चुकत चुकत शिकले. ही त्यातलीच एक चूक आहे.

गाडी गडद निळी होती. दोन दारं, दोन सीटा, आणि उंची माझ्या कमरेच्या थोडी वर. स्पोर्ट्स कार. सेकंडहँड होती, पण पुसून आणलेली होती. मालक इक्बालभाई रोह्याचे. बावीस वर्षं कुवेतला ड्रायव्हर आहेत. एका मोठ्या कुटुंबाच्या गाड्या चालवतात. अशा गाड्या त्यांनी खूप चालवल्या, पण किल्ली रोज संध्याकाळी खिळ्याला अडकवून खोलीवर यायचं. ही गाडी त्यांनी बंगळुरूला बघितली, घेतली, आणि बंद कंटेनरमधून पाठवली. कंटेनर मोठा असतो. तो हायवे सोडून रोह्याच्या गल्ल्यांत शिरत नाही. म्हणून गाडी पेणला आमच्या यार्डात उतरली. पुढचे पंचेचाळीस किलोमीटर कसे न्यायचे, ते ठरायचं होतं.

इक्बालभाईंच्या बायको, सकीनाभाभी, सावलीत स्टुलावर बसल्या होत्या.

"ट्रकवर घाला," त्या म्हणाल्या.

"बावीस वर्षं गाडी चालवतो मी. पंचेचाळीस किलोमीटर चालवता येणार नाय मला?"

"तुम्हाला येईल. गाडीला येईल का, ते बघा."

आमचे मालक मोकलशेठ केबिनच्या दारात उभे राहून ऐकत होते. आमच्याकडे एक फ्लॅटबेड आहे. फ्लॅटबेड म्हणजे कडेला फळके नसलेला सपाट ट्रक. मागून रॅम्प लावून गाडी वर चढवायची, चाकं पट्ट्यांनी बांधायची आणि न्यायची. शेठ म्हणाले, "फ्लॅटबेड उभा हाय. उद्या दुपारपर्यंत दारात पोच करतो."

इक्बालभाईंनी मान हलवली. "शेठ, ट्रकवरून गाडी आली की लोकांना काय वाटतं सांगू? बंद पडलेली आणली. मी शनिवारी गाडी घेऊन घरी येतो, असं सगळ्यांना सांगितलंय. रविवारी माझी फ्लाईट. परत दोन वर्षांनी येणार. मला एकदा माझ्या हातानं ही गाडी माझ्या दारात लावायचीय. मग ती तिथे उभी राहिली तरी चालेल."

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. शेठनी थोडा विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही पोरगी रस्त्याचा सर्व्हे करील. परवा रिपोर्ट देईल. रिपोर्ट काय सांगतो ते बघू, मग ठरवू."

मी याआधी सर्व्हेला गेले होते, पण दुसऱ्यांबरोबर, वही धरायला. एकटीनं रिपोर्ट लिहायची ही पहिलीच वेळ होती. मी "हो" म्हटलं. नाही म्हणायचं मला सुचलं नाही.

आमच्या कामात सर्व्हे म्हणजे काय, ते आधी सांगते. पेणहून मोठ्या गणेशमूर्ती बाहेरगावी जातात. मूर्ती ट्रकवर उभी केली की तिचा मुकुट विजेच्या तारांच्या, कमानींच्या उंचीला जातो. म्हणून आधी रिकामा ट्रक त्याच रस्त्यानं फिरवतात. ट्रकमध्ये एक माणूस मूर्तीच्या उंचीचा बांबू उभा धरून बसतो. बांबू जिथे लागेल, ती जागा वहीत लिहायची. तिथे तार उचलायची किंवा रस्ता बदलायचा. यात बिघडण्यासारखं काही नाही. बांबू लागला की लागला.

इथे प्रश्न उलटा होता. या गाडीला वर काही लागणार नव्हतं, खाली लागणार होतं. गाडीच्या पोटाचा सगळ्यात खालचा भाग आणि जमीन यांच्यात जे अंतर असतं, त्याला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. आपल्या नेहमीच्या गाड्यांचा तो वीतभराच्या आसपास असतो. या गाडीच्या कागदावर एकशे वीस मिलिमीटर लिहिलं होतं. म्हणजे हाताचा पंजा आडवा धरला तर जेमतेम वर थोडी जागा.

"वरचं मोजतो तसंच खालचं मोज," शेठ म्हणाले.

माझे मामा जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे लाकडी सांगाडे बनवतात. मी त्यांच्याकडे गेले आणि गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सांगितलं. मामांनी तेवढ्या लांबीचा एक सांगाडा ठोकून दिला. त्याला चार चाकं, पुढे गाडीच्या नाकाइतकी बाहेर आलेली फळी, आणि मधोमध जमिनीपासून बरोबर एकशे वीस मिलिमीटरवर एक सपाट पट्टी. सांगाडा स्पीडब्रेकरवरून ढकलायचा. पट्टी ब्रेकरला लागली तर गाडीही लागणार. नाही लागली तर फटीत फुटपट्टी घालून किती जागा उरली ते मोजायचं. मामा त्याला घोडी म्हणाले, म्हणून आम्हीही घोडीच म्हणायला लागलो.

"कोणती मूर्ती हाय ही?" मामांनी विचारलं.

"मूर्ती नाय मामा, गाडी."

"गाडीला सांगाडा कशाला लागतो?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबांना सांगू नको. शिकून घोडी ढकलतेस म्हणतील."

बुधवारी कॉलेज बुडवलं. आमचा टेम्पो चालवणारे नरेशदादा आणि मी सकाळी निघालो. पेणहून वडखळ, तिथून नागोठणं, आणि नागोठण्याला हायवे सोडून रोह्याचा रस्ता. हायवेवर काम चालू आहे, त्यामुळे डायव्हर्जनवर खड्डे होते. पण खड्ड्यातून गाडी हळू काढता येते. भीती ब्रेकरची होती. ब्रेकर आला की टेम्पो थांबवायचा, घोडी उतरवायची, ती मी ढकलायची, दादांनी मागून येणाऱ्या गाड्यांना हात करायचा, मोजायचं, लिहायचं, घोडी परत चढवायची.

नागोठण्याजवळ एक रिक्षावाला थांबला आणि म्हणाला, "काय गो, कुत्र्याला फिरवतेस काय?"

"मोजतेय," मी म्हटलं.

"काय?"

"ब्रेकरची उंची."

"आणि मोजून?"

उत्तर नरेशदादांनी दिलं. "वरात येणार हाय. नवरा बुटका हाय."

पुढे एका गावात मात्र चार माणसं जमली आणि कोणी हसलं नाही. तिथला ब्रेकर गावानं स्वतः घातला होता. कंपनीच्या बसेस शिफ्टच्या वेळेला जोरात जातात म्हणून. त्यांना वाटलं आम्ही तो काढायला आलोय.

"हात लावायचा नाय त्याला," एक आजोबा म्हणाले.

"काढत नाय आजोबा. फक्त मोजतोय."

"सरकारी काय?"

"नाय. एका माणसाची गाडी खाली हाय, ती जाईल का बघतोय."

आजोबांनी घोडीकडे बघितलं. मी ती ढकलली. पट्टी न लागता पलीकडे गेली, पण थोडक्यात. नऊ मिलिमीटर.

"किती भरला?" त्यांनी विचारलं.

"एकशे अकरा."

"दुसऱ्या गावचा?"

"याच्यापेक्षा कमी."

ते समाधानानं घरी गेले.

संध्याकाळपर्यंत सत्तावीस ब्रेकर झाले. घोडी एकालाही लागली नाही. सात ठिकाणी जागा कमी होती, त्यातल्या चार ठिकाणी तर बोटभरच. ती चारही ठिकाणं नागोठणं आणि रोहा यांच्यामध्ये होती. मी घरी बसून रिपोर्ट लिहिला. प्रत्येक ब्रेकरची जागा, उंची, उरलेलं अंतर, तिथली रस्त्याची रुंदी. खाली लिहिलं, 'गाडी चालवत नेण्यास हरकत नाही. सात ठिकाणी वेग अगदी कमी ठेवावा.' हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं. 'हरकत नाही' हे मला फार मोठं वाटत होतं.

गुरुवारी शेठनी रिपोर्ट वाचला.

"नऊ मिलिमीटर म्हणजे किती?"

मी करंगळी दाखवली.

"लागत नाय ना?"

"नाही."

"मग झालं."

त्यांनी सही केली, इक्बालभाईंना फोन लावला आणि शनिवारी सकाळी या म्हणून सांगितलं. लगेच दुसरा फोन करून फ्लॅटबेड एका कंपनीच्या मशिनरीसाठी देऊन टाकला. तो मंगळवारी परत येणार होता. हे माझ्यासमोरच झालं. मला बरं वाटलं, कारण माझ्या रिपोर्टवर कोणीतरी पहिल्यांदा काहीतरी ठरवलं होतं.

शनिवारी दोघं वेळेवर आले. इक्बालभाईंनी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता. कुवेतला न्यायच्या खरेदीच्या दोन बॅगा होत्या, त्या नरेशदादांनी टेम्पोत टाकल्या. टेम्पो पुढे जाणार आणि मी त्यातून वाट दाखवणार, असं ठरलं होतं.

इक्बालभाई गाडीत बसले. ते चांगले उंच आणि भरलेले गृहस्थ आहेत. आधी एक पाय, मग अंग, मग दुसरा पाय, असे आत गेले. मग भाभी दुसऱ्या बाजूनं वाकल्या.

"यात बसायचं का झोपायचं?"

"बस गो. आत आलीस की कळेल."

त्या बसल्या. मी गाडीच्या मागच्या चाकाजवळ उभी होते. चाक आणि त्याच्या वरचा पत्रा यांच्यात आधी जी फट होती, ती डोळ्यांदेखत कमी झाली. एक बोटभर तरी. गाडी खाली बसली होती.

मला तेव्हाच सगळं समजलं. तरी मी बोलले नाही. दहा-पंधरा सेकंद असतील, पण मी बोलले नाही, हे खरं आहे. मनात असं आलं की नऊ मिलिमीटर आहेत, कदाचित पुरतील. कदाचित ते हळू काढतील. बोलले तर रिपोर्ट खोटा ठरेल, आणि शेठनी त्यावर सही केली आहे. इक्बालभाईंनी इंजिन चालू केलं. त्या आवाजानं मी भानावर आले.

"शेठ, एक मिनिट," मी म्हटलं. "भाई, इंजिन बंद करा. उतरू नका."

टेप घेऊन मी जमिनीवर आडवी झाले. सत्त्याण्णव भरले. पुन्हा मोजलं. सत्त्याण्णवच.

ही चूक कशी झाली, ते सांगायला हवं. मूर्तीच्या कामात वजन आमच्या बाजूचं असतं. सर्व्हे रिकाम्या ट्रकनं होतो. मूर्ती चढली की ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे दबतात, ट्रक खाली बसतो, आणि मुकुट तारेपासून थोडा लांब जातो. म्हणजे बांबूनं जे सांगितलं त्यापेक्षा जागा जास्तच मिळते. शेठ पंचवीस वर्षं असंच काम करतात. वजनानं काम बिघडू शकतं, हे आमच्या ऑफिसात कोणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. मी उंची मोजायची दिशा उलटी केली. वजनही उलटं धरायला हवं होतं, ते केलं नाही. कागदावरचे एकशे वीस रिकाम्या गाडीचे होते.

मी उठून हे शेठना सांगितलं. शेठनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

"माझी पण सही हाय त्याच्यावर," ते म्हणाले. एवढंच.

मग आम्ही पद्धतशीर मोजलं. इक्बालभाई एकटे बसले तर एकशे पाच. भाभी एकट्या बसल्या तर एकशे बारा. मी रिपोर्ट उघडून पेन्सिलीनं खुणा केल्या. दोघं बसले तर सात ब्रेकरला गाडी घासणार. इक्बालभाई एकटे बसले तर चार. घासली तर काय होईल, हेही सांगायला हवं. या गाडीच्या खाली इंजिनच्या ऑईलचा डबा असतो. तो फुटला तर गाडी तिथेच उभी.

इक्बालभाई गाडीतून उतरून बोनेटला टेकून उभे राहिले.

"म्हणजे आता?"

"फ्लॅटबेड मंगळवारी येतो," शेठ म्हणाले.

"मंगळवारी मी कुवेतला असेन, शेठ."

शेठनी दोन-तीन फोन लावले. एका ठिकाणी गाडी नव्हती. दुसऱ्या ठिकाणी टोइंगची होती, ती पुढची चाकं उचलून ओढत नेते. त्यात हिचं मागचं टोक रस्त्याला लागलं असतं. तिसऱ्यानं फोन घेतला नाही. इक्बालभाईंच्या खिशात फोन सारखा वाजत होता, घरून असावा. ते तो काढत नव्हते. मी उभी राहून घोडीकडे बघत होते, कारण कोणाकडे बघायची हिंमत नव्हती.

"ते चार कुठले, वाच बघू," सकीनाभाभी म्हणाल्या.

मी वाचले. "नागोठणं सोडल्यावर वळणावरचा."

"शाळेसमोरचा. व्हय."

"मग त्या गावातला, एकशे अकरा."

"तो गावानं घातलाय. दोन वर्षं झाली. पुढे?"

"रोह्याच्या अलीकडे, मंगल कार्यालयापाशी."

"आणि चौथा आमच्या नाक्यावरचा," त्या म्हणाल्या. मी अजून वाचला नव्हता. "मला विचारलंस काय गो तू? अकरा वर्षं मी या रस्त्यानं गाडी घेऊन येते-जाते. पोरांच्या फिया, दवाखाना, बँक. घरातली ती जुनी गाडी पण पाच माणसं बसली की त्या नाक्यावर टेकते."

मी विचारलं नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या होत्या आणि ट्रकवर घाला म्हणाल्या होत्या. का म्हणताय, हे आमच्यातल्या कोणीही विचारलं नव्हतं.

त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही चालवा. मी टेम्पोत बसते. ते चार आले की तुम्ही उतरा, मी काढून देते. मग परत तुम्ही बसा."

"तू?"

"का? एकशे बारा भरतेय ना मी?"

"मी उतरू आणि तू चालवू? रस्त्यात?"

"मग मंगळवारी ट्रकवर येऊ दे. मी दारात घेते उतरवून. तुम्हाला फोटो पाठवते."

इक्बालभाईंनी वाकून गाडीखाली बघितलं. मग म्हणाले, "नाक्यावरचा तिरका काढला तर? एक एक चाक चढवत?"

"रिक्षास्टँड हाय तिथे. तिरकं व्हायला जागा कुठाय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रिपोर्टमध्ये बघितलं. रुंदी लिहिलेली होती. "नाही होणार," मी म्हटलं. रिपोर्टमधलं वाक्य तीनदा लिहून पाहिलं होतं, हे एकदाच म्हटलं.

आम्ही निघालो. टेम्पोत पुढे नरेशदादा, मध्ये मी, कडेला भाभी. मागे निळी गाडी. हायवेला इक्बालभाईंनी गाडी फार सुंदर चालवली. टेम्पोच्या आरशात ती दिसत होती. डायव्हर्जनवर ती खड्डे असे चुकवत होती की नरेशदादा म्हणाले, "हा माणूस ड्रायव्हर हाय हे सांगायला लागत नाय." भाभी आरशात बघत होत्या. म्हणाल्या, "मी त्यांना चालवताना कधी बघितलंच नाय जास्त. येतात तेव्हा महिनाभर. त्यात मीच म्हणते, दमून आलात, मी चालवते."

पहिला ब्रेकर शाळेसमोर. शनिवारची अर्धी शाळा सुटत होती. इक्बालभाई उतरले, भाभी बसल्या. मी रस्त्यावर उकिडवी बसून गाडीच्या पोटाखाली बघत राहिले. त्यांनी गाडी इतक्या हळू चढवली की चाक फिरतंय हे कळत नव्हतं. जागा उरली. मी हात वर केला. त्या पुढे जाऊन उतरल्या. इक्बालभाई चालत आले आणि बसले.

दुसरा गावातला. आजोबा ओट्यावरच होते. त्यांनी गाडी बघितली, घोडी आठवली असावी. उठून ब्रेकरपाशी आले. त्यांनी इक्बालभाईंना उतरताना बघितलं आणि मला विचारलं, "याला काय झालं?"

"वजन जास्त हाय," मी म्हटलं.

"आणि बाईचं चालतं?"

"व्हय."

इथे एक मिलिमीटर होता. एकशे बारा वजा एकशे अकरा. मी जमिनीला गाल टेकवून बघितलं. गाडीचं पोट ब्रेकरच्या डांबरावर आलं तेव्हा मधला उजेड रेघेइतका बारीक झाला, पण तुटला नाही. गाडी पलीकडे उतरली. मी उठले तेव्हा गालाला खडी चिकटली होती. इक्बालभाई माझ्या बाजूला उभे होते. "माझ्यापेक्षा हळू चालवते ही," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती.

तिसरा सहज झाला.

चौथा रोह्यात, त्यांच्या रस्त्याच्या तोंडाशी. तिथून घर दोनशे पावलं. नाक्यावर माणसं उभी होती. भाऊ, पुतणे, शेजारी, रिक्षावाले. एकाच्या हातात हार होता. आमचा टेम्पो पुढे जाऊन कडेला लागला. इक्बालभाईंनी ब्रेकरच्या आधी गाडी थांबवली आणि उतरले. लोकांना वाटलं ते भेटायला उतरले. पुतण्यानं हार घातला, भावानं मिठी मारली. तेवढ्यात भाभी टेम्पोतून उतरून गाडीच्या उजव्या बाजूला गेल्या आणि आत बसल्या. मी रस्त्यावर उकिडवी बसले.

मागे एसटी येऊन थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग परत दिला.

भाभींनी गाडी चढवली. जागा पाच मिलिमीटर होती, ती तेवढीच राहिली. मी हात वर केला. ठरल्याप्रमाणे त्यांनी पुढे वीस पावलांवर थांबायचं होतं, इक्बालभाई बसणार, आणि गाडी दाराशी लावणार. पण तिथे रस्ता एका गाडीपुरताच आहे आणि मागे एसटी हॉर्न देत होती. भाभी थांबल्या नाहीत. गाडी सरळ पुढे गेली, वळली आणि त्यांच्या घरासमोर जाऊन उभी राहिली. मागून एसटी निघून गेली.

इक्बालभाई गळ्यात हार घालून रस्त्यात उभे होते. कोणीतरी विचारलं, "काय इक्बाल, गाडी कोणाची रे?"

त्यांनी गळ्यातला हार सरळ केला. मग म्हणाले, "चला, चालत जाऊ. आज ड्रायव्हरला सुट्टी हाय."

लोक हसले. सगळे त्यांच्याबरोबर चालायला लागले. मी आणि नरेशदादा बॅगा घेऊन मागून गेलो. त्यांना वाईट वाटलं की नाही, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही. दाराशी पोचलो तेव्हा भाभी गाडीतून उतरून किल्ली हातात धरून उभ्या होत्या.

"थांबले असते," त्या म्हणाल्या. "पण मागे एसटी होती."

"बघितलं मी," इक्बालभाई म्हणाले. त्यांनी किल्ली घेतली, गाडीत बसले, गाडी चार हात मागे घेतली आणि परत पुढे आणून भिंतीला बरोबर समांतर लावली. ती आधीही बरोबरच लागली होती. मग पोचपावतीवर सही केली. या वेळेला माझ्याकडून पेन घेऊन लगेच केली.

मला त्यांनी चहा पाजला. मीच म्हटलं, "भाई, माझं चुकलं. बुधवारीच कळलं असतं तर ट्रक मिळाला असता."

"ट्रक मिळाला असता," ते म्हणाले, "पण मग मी पेण ते नागोठणं चालवली नसती."

रविवारी ते गेले. भाभींचा महिन्याभरानं ऑफिसात फोन आला होता, कसल्या तरी कागदासाठी. गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, म्हणून आठवड्यातून एकदा त्या ती कोलाडपर्यंत नेऊन आणतात. नाक्यावर अजून तसंच, गाडीच्या पोटाखाली रेघेइतका उजेड ठेवून काढतात, असं म्हणाल्या.

ते गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, शेठनी मला बोलावलं होतं. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्यांनी सर्व्हेचा छापील फॉर्म पुढे केला आणि शेवटच्या रकान्याच्या खाली पेननं एक नवीन रेघ मारून लिहिलं, 'गाडीत बसणाऱ्यांचं वजन.' म्हणाले, "हे विचारायचं काम तुझं."

तेव्हापासून अशा तीन गाड्या आल्या. तीनही वेळा मी विचारलं. विचारताना अजूनही संकोच वाटतो, विशेषतः मोठ्या माणसांना. तिघांनीही लगेच सांगितलं आणि शेठच्या मते तिघांनीही कमी सांगितलं. म्हणून आम्ही आता प्रत्येकी दहा किलो वाढवून धरतो.